वांगं काळं का पडतं? रंगाच्या घराण्याची गोष्ट



आज आम्ही हप्ते, व्याज आणि बँकेची कागदपत्रं यांतलं काहीच बोलणार नाही. आज रंगाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याला कारणही तसंच घडलं.

आमच्या गटातल्या एका काकूंकडे दीड वर्षापूर्वी नात झाली. बाळ चांगलं धट्टंकट्टं. पण केस अगदी पांढरे, पापण्या पांढऱ्या, डोळे फिकट आणि अंग गुलाबीसर गोरं. आईबाप दोघेही सावळे. पाचवीला जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, ग्रहणात बाहेर पडली असेल. कोणी म्हणालं, तिच्या माहेरचंच काहीतरी असणार. एकीने तर बाळाच्या बापाबद्दलच शंका काढली. ती ओली बाळंतीण भिंतीकडे तोंड करून रडत होती. आमच्यातल्याही दोघीतिघी त्या कुजबुजीत होत्या, हे आज सगळ्यांसमोर कबूल करतो.

आणि गंमत बघा. याच घरात तिला नऊ महिने केशर घातलेलं दूध पाजत होते. कशासाठी? तर बाळ गोरं व्हावं म्हणून.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्बिनिझम. मराठीत वर्णहीनता. हा संसर्गाचा आजार नाही, कोडही नाही, एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. आमचं समाधान काही झालं नाही. म्हणून आम्ही तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना मासिक बैठकीला बोलावलं. त्यांनी आल्या आल्या विळी मागितली. एक वांगं चिरलं, फोडी कोरड्या ताटलीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "बोलणं संपेपर्यंत यांच्याकडे लक्ष ठेवा."

त्यांनी सांगितलं ते आणि नंतर आम्ही वाचून समजून घेतलं ते, आज तुम्हाला सांगतो.

वांगं चिरल्यावर आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो, कारण नाहीतर ते काळं पडतं. का पडतं? वांग्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एकीकडे तुरट रस, दुसरीकडे एक एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. विकर म्हणजे पेशीतला कारागीर. कच्च्या मालापासून दुसरा पदार्थ करून देतो, आणि स्वतः मात्र संपत नाही. विळीने कप्पे फुटले की कारागीर आणि कच्चा माल एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि काळपट रंग धरतो. पाण्यात टाकलं की हवा कमी पोचते. लिंबू, चिंच किंवा कोकम लावलं तर आंबटपणाने कारागिराचा हात मंदावतो. उकळलं की कारागीर कायमचा निकामी होतो. म्हणून कच्चा बटाटा चिरून ठेवला की लालसर काळा पडतो, उकडलेला तसा पडत नाही.

या कारागिराचं हत्यार तांब्याचं आहे. त्याच्या मधोमध तांब्याचे दोन अणू बसवलेले असतात, आणि ऑक्सिजन पकडायचं काम तेच करतात.

आता आपल्या अंगाकडे या. आपल्या त्वचेत, केसांच्या मुळाशी आणि डोळ्यांत असाच एक कारागीर आहे. त्याचं नाव टायरोसिनेज. त्याच्याही मधोमध तांब्याचे दोन अणू. त्याचा कच्चा माल म्हणजे टायरोसीन. ते डाळ, दूध, अंडी, मासे यांतून मिळतं आणि शरीर स्वतःही बनवतं. टायरोसिनेज त्यापासून मेलॅनिन तयार करायची सुरुवात करून देतं. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांचा काळा रंग, त्वचेचा सावळा रंग, बुबुळांचा तपकिरी रंग. हे टायरोसिनेज १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये सापडलं, तेही माणसात नव्हे तर अळंबीत. कापलेली अळंबी हवेत काळी का पडते, असा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना पडला होता. म्हणजे आपल्या विळीवरचाच प्रश्न.

मग अळंबीत, वांग्यात आणि माणसात एकाच जातीचा कारागीर आला कुठून?

प्रत्येक कारागीर कसा घडवायचा याची कृती पेशीत लिहिलेली असते. त्या कृतीला जनुक म्हणतात. असं समजा, की प्रत्येकाजवळ स्वयंपाकाच्या कृतींची वही आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतली जाते. उतरवताना कधी एखादं अक्षर चुकतं. कधी एखादं पान चुकून दोनदा लिहिलं जातं. अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा नुकसान होतं किंवा काहीच फरक पडत नाही. पण पान दोनदा लिहिलं गेलं तर मात्र मोकळीक मिळते.

आमच्या गटाचा मसाला तुम्ही घेता. त्याची मूळ कृती आम्ही कधी बदलत नाही, गिऱ्हाईक तुटेल. पण तीच कृती दुसऱ्या कागदावर उतरवून त्यावर आम्ही प्रयोग केले, आणि त्यातून माशाचा वेगळा मसाला निघाला. मूळ कागद शाबूत होता, म्हणून दुसऱ्यावर धाडस करता आलं. निसर्गात हेच घडत आलं आहे. फरक एवढाच, की तिथे ठरवून करणारं कोणी नसतं. चुकून दोनदा लिहिलेल्या पानावर चुका साठत जातात. बहुतेक पानं वाया जातात. एखादं पान उपयोगी पडलं तर ते टिकतं.

तांब्याच्या हत्याराचं हे घराणं फार जुनं आहे. जिवाणू, बुरशी, झाडं, प्राणी, सगळ्यांकडे त्याच्या शाखा आहेत. आणि सगळीकडे त्याचं काम रंग देणं हेच नाही. कोळीणताईंनो, आता तुमच्या टोपलीतली उदाहरणं घ्या.

तिसऱ्या आणि कालवं घ्या. शिंपल्याच्या आत जे मऊ आवरण असतं, तेच शिंपला बांधतं. तिथे टायरोसिनेजच्या जातीची विकरं शिंपला घडवायला आणि त्याला रंग द्यायला मदत करतात. शिंपलेवाल्या प्राण्यांत या एका कृतीच्या नकला पुन्हा पुन्हा झाल्या. पॅसिफिक महासागरातल्या एका कालवाच्या जातीत अशी वीसहून जास्त पानं सापडली आहेत. मोत्याच्या शिंपल्यातही ती पुष्कळ आहेत. आणि बऱ्याचशा नकला प्रत्येक शाखेत वेगवेगळ्या झाल्या आहेत, एकीकडून दुसरीकडे गेलेल्या नाहीत.

माकूळ घ्या. माकूळ घाबरलं की शाई सोडतं. ती शाई म्हणजे मेलॅनिनच, टायरोसिनेजने केलेलं. आणि त्याचं रक्त निळसर असतं. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहायला लोह आहे, त्याच्या रक्तात तांबं आहे.

आता कोळंबी. कोळंबीला बर्फ कमी पडला की डोक्याकडून काळी पडू लागते, आणि भाव उतरतो. तो काळेपणा म्हणजे सडणं नव्हे, तेही विकराचंच काम. पण इथे एक गंमत आहे. कोळंबी, खेकडे, किडे यांच्या वहीत टायरोसिनेजचं पान नाहीच. त्यांच्या शाखेत ते कधीतरी गळून गेलं. त्यांनी तांब्याच्याच दुसऱ्या एका घराण्यातून काम भागवलं, आणि ते घराणं त्यांच्या रक्तातल्या निळ्या प्रथिनाचं नातेवाईक आहे. कोळंबीला जखम झाली की हा कारागीर जागा होतो, जागा काळी करून जखम बुजवतो आणि जंतूंना अडवतो. म्हणजे कोळंबीचा काळेपणा हे तिचं औषधपाणी आहे. बर्फात ते मंदावतं, म्हणून बर्फ लवकर आणि भरपूर घाला.

आता पाठीला कणा असलेल्या प्राण्यांकडे येऊ. मासे, बेडूक, पाखरं, गाईगुरं आणि आपण. आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांत हे पान दोनदा लिहिलं गेलं, आणि त्यातल्या एकाची पुन्हा नक्कल झाली. त्यामुळे आज आपल्याकडे तीन बहिणी आहेत. थोरली टायरोसिनेज. उरलेल्या दोघी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण वेगळं काम करणाऱ्या. थोरलीने हत्यार तांब्याचंच ठेवलं. धाकट्या दोघींच्या हातात तांब्याऐवजी जस्त आलं, आणि त्या पुढची कामं बघू लागल्या. रंगाला कोणती छटा येणार, किती गडद होणार, यावर त्यांचा हात असतो. माणसात थोरलीचं पान अकराव्या गुणसूत्रावर आहे, दुसरीचं नवव्यावर आणि तिसरीचं तेराव्यावर. शिवाय अकराव्यावरच थोरलीच्या पानाच्या शेवटच्या भागाची एक अर्धवट नक्कल पडून आहे. तिच्यापासून काहीच बनत नाही. वाया गेलेल्या पानाचा हा पुरावा आपण सगळ्या अंगात घेऊन फिरतो.

आपण खातो त्या बहुतेक काटेरी माशांच्या पूर्वजांत तर तीस कोटी वर्षांहून आधी एकदा अख्खी वहीच दोनदा उतरवली गेली. त्यातली रंगाची कितीतरी जादा पानं माशांनी टिकवून ठेवली आहेत. माशांत रंगांची एवढी चंगळ दिसते, तिच्यात या जादा पानांचाही वाटा असावा, असं अभ्यासक मानतात.

पान बदललं की काय होतं, त्याची तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं सयामी मांजर. अंग फिकट, पण कान, नाक, पाय आणि शेपूट काळसर. तिच्या थोरलीच्या पानात असा बदल आहे, की कारागीर उबेत निकामी होतो आणि गारव्यात काम करतो. कान, पाय आणि शेपूट अंगापेक्षा गार, म्हणून तिथे काळं. आईच्या पोटात ऊब असते, म्हणून पिल्लं जन्मतः पांढरी. हिमालयन नावाच्या सशातही असंच आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या पाठीवरचे केस काढून तिथे बर्फ बांधला, तर नवे केस काळे आले.

दुसरं म्हैस. काळी म्हणावी तर म्हशीसारखी. पण ब्राझीलमधल्या काही वर्णहीन म्हशींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या टायरोसिनेजच्या कृतीत एका अक्षराच्या बदलाने 'इथे थांबा' अशी खूण पडली होती. कृती अपुरी राहिली, कारागीर धड बनलाच नाही, म्हैस पांढरी.

तिसरं सॉलोमन बेटं. ही ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला पॅसिफिक महासागरात आहेत. तिथले लोक गडद काळ्या वर्णाचे, पण काहींचे केस पिवळेधमक. गोऱ्यांशी संबंध आला असेल, मासे खाऊन होत असेल, उन्हाने होत असेल, असे तर्क लोक करत. २०१२ मध्ये कारण कळलं. दुसऱ्या बहिणीच्या पानात एका अक्षराचा बदल. आणि तो बदल युरोपातल्या लोकांत नाहीच. म्हणजे तिथल्याही कितीतरी आयांवर लोकांनी विनाकारण संशय घेतला असेल.

आता आमच्या काकूंच्या नातीकडे वळू.

आपल्या प्रत्येकीजवळ एक नव्हे, दोन वह्या असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एका वहीतलं रंगाचं पान बिघडलेलं असलं तरी दुसऱ्या वहीवरून काम भागतं, आणि बाईच्या किंवा पुरुषाच्या अंगावर काही दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कळतही नाही. पण आई आणि बाप दोघांकडेही एकेक बिघडलेलं पान असेल, आणि बाळाच्या वाट्याला नेमकी तीच दोन आली, तर रंग बनत नाही. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतकी शक्यता असते. पहिलं मूल असं झालं म्हणून पुढचं तसं होणारच असं नाही, आणि होणारच नाही असंही नाही.

नीट ऐका. पान आईकडूनही येतं आणि बापाकडूनही, दोघांकडून मिळाल्याशिवाय हे घडतच नाही. त्यामुळे 'तिच्या माहेरचं' म्हणणारीने आपल्या घराकडेही बघायला हवं. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. केशर-दुधाचा नाही. तांब्याच्या लोट्यातलं पाणी पाजून रंग येत नाही, कारण तांबं कमी पडलेलं नाही, कृतीच बिघडलेली आहे. जनावरांत मात्र खरोखरच तांबं कमी पडलं तर काळे केस तांबूस, राखाडी होतात, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडा दिसते. तसं दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने तांबं देऊ नका, जास्त झालं तर तेच विष होतं, मेंढ्यांना तर फारच लवकर.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आहे. नात्यातल्या दोघांकडे एकाच आजोबाआजीकडून आलेलं तेच बिघडलेलं पान असायची शक्यता वाढते. आमच्या काकूंच्या मुलाचं लग्न असंच मामाच्या घरी झालेलं आहे. हे सांगताना काकूंना वाईट वाटलं. कारण 'माहेर' म्हणून ज्या घराला नावं ठेवली गेली, ते त्यांचं स्वतःचंही माहेर होतं.

वर्णहीनता अनेक प्रकारची असते. टायरोसिनेजचं पान हे एक कारण, दुसऱ्या बहिणीचं हे आणखी एक, आणि रंगाच्या इतर कामांची पानं निराळी. दोघेही वर्णहीन असलेल्या नवराबायकोला रंग असलेली मुलंही होऊ शकतात, कारण दोघांची बिघडलेली पानं वेगवेगळी असतील तर मुलाच्या एका ना एका वहीत चांगलं पान असतंच. कोड मात्र वेगळं. त्यात रंग जन्मापासून असतो आणि रंग करणाऱ्या पेशी नंतर जागोजागी नष्ट होतात. या दोन्हींपैकी काहीही स्पर्शाने पसरत नाही.

आता काळजी कशाची घ्यायची? पहिली डोळ्यांची. बाळाचा डोळा घडताना मेलॅनिन लागतं. ते नसलं तर नजर कमी राहते, बुबुळं हलत राहतात, उजेड सोसत नाही. म्हणून लहानपणीच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, चष्मा लावायचा, शाळेत पुढच्या बाकावर बसवायचं, मोठ्या अक्षराची पुस्तकं मिळवायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी दृष्टी हा एक प्रकार आहे. नजर त्या निकषात बसत असेल तर प्रमाणपत्र मिळतं, ते काढून ठेवा. दुसरी काळजी उन्हाची. मेलॅनिन ही उन्हातली छत्री असते. ती नसली की त्वचा भाजते आणि पुढे त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, डॉक्टरांनी सांगितलेलं सनस्क्रीन, आणि दुपारचं ऊन टाळायचं. बुद्धीत काही कमी नसतं. फळा दिसत नाही म्हणून मूल मागे पडतं आणि मास्तर त्याला मठ्ठ समजतात, असं होऊ देऊ नका.

जाता जाता गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल. यातली कित्येक क्रीम याच टायरोसिनेजला अडवतात. कोण कोणत्या औषधाने अडवतं ते महत्त्वाचं. नाव-पत्ता नसलेल्या डब्यांत कधी पारा असतो. तो तांब्याच्या हत्यारालाच निकामी करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही, मूत्रपिंडावर जातो. काहींत स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव वाढते. आठवड्यात उजळपणा देणारा डबा कोणी गटात विकायला आणला, तर आम्ही आता आधी डब्यावर काय छापलंय ते वाचायला सांगतो. आणि लक्षात ठेवा, काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत रंग करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक त्या किती आणि कोणतं मेलॅनिन बनवतात यात.

त्या दिवशी बैठक संपली तेव्हा ताटलीतल्या वांग्याच्या फोडी काळ्या पडल्या होत्या. काकूंनी त्या उचलल्या आणि काही न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाल्या, तेव्हा बाळावर छत्री काकूंनीच धरली होती. नात आता चालायला लागली आहे. बैठकीला येते, टोपी काढून फेकते, आणि आमच्यापैकी जी जवळ असेल ती उठून टोपी पुन्हा घालते.

१३ जून हा जागतिक वर्णहीनता जागरूकता दिवस. २०१५ पासून संयुक्त राष्ट्रं तो पाळतात. आपण तो पाळायचा तर एवढंच करू. तुमच्या वाडीत असं बाळ असेल तर त्याच्या आईकडे जा, आणि तिच्याकडून काही चूक झालेली नाही हे तिला घरातल्या माणसांच्या देखत सांगा.